चित्रात शेवंती नाही

कोळसेवाडी, कल्याण (पूर्व)
६ जानेवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक, खाडीकाठ कलासंग्रहालय, बाळकुम, ठाणे

विषय : दालन क्र. २, चित्र क्र. ११ खाली लिहिलेला शब्द तीन वेळा काढून टाकल्याबाबत.

महोदय,

आपल्याकडे प्रत्येक चित्राशेजारी ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला आहे. त्यावर फोन धरला की ते चित्र फोनवर येते आणि ‘हे चित्र पाहून मनात आलेला एक शब्द लिहा’ अशी सूचना दिसते. मग घरी बसूनही लिहिता येते. या सूचनेस अनुसरून मी चित्र क्र. ११, ‘विश्रांती’ (चित्रकार प्रभाकर अंजर्लेकर, १९६४) याखाली ‘शेवंती’ हा शब्द १६, २१ व २९ डिसेंबर रोजी लिहिला. तिन्ही वेळा तो काढून टाकण्यात आला. चौथ्या वेळी ‘तुमचा सहभाग सध्या थांबवण्यात आला आहे’ असा संदेश आला.

त्याच चित्राखाली ‘दुःख’ हा शब्द २१४ जणांनी लिहिला आहे. तो ठेवलेला आहे. एकाने ‘भूक लागली’ असे लिहिले आहे, तेही ठेवलेले आहे. मग माझ्या शब्दाचा अपराध काय, हे लेखी कळवावे.

आपला,
सुदेश तानाजी भालेराव
निवृत्त एस.टी. वाहक


बाळकुम, ठाणे
१३ जानेवारी २०२५

श्री. सुदेश भालेराव यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. कागदावर आलेल्या तक्रारीला कागदावरच उत्तर द्यायचं असा आमचा नियम असल्याचं त्यामुळे मला कळलं. लोकांनी लिहिलेले शब्द, म्हणजे टॅग, तपासायचं काम माझ्याकडे आहे. तेव्हा तुमचा शब्द मीच काढला.

कारण सांगते. हे शब्द नंतर शोधायला उपयोगी पडतात. कुणी ‘खिडकी’ असं टाकलं की खिडकी असलेली सगळी चित्रं समोर येतात. तुमचा ‘शेवंती’ आमच्या कॉम्प्युटरने आपोआप फुलांच्या गटात घातला. मग फुलांची चित्रं शोधणाऱ्या एका बाईंना ‘विश्रांती’ दिसलं आणि त्यांनी तक्रार केली. मी चित्राजवळ जाऊन दोनदा पाहिलं. खिडकी आहे, स्टूल आहे, स्टुलावर हिरवी साडी नेसलेली बाई आहे. शेवंती कुठेच नाही, केसांतही नाही.

तुमचा सहभाग पुन्हा सुरू केला आहे. चित्र क्र. ३४ मध्ये मात्र शेवंतीची भरपूर फुलं आहेत. तिथे तुम्ही हा शब्द जरूर लिहावा.

आपली नम्र,
मृणाल तळाशीलकर
डिजिटल विभाग


कोळसेवाडी
१८ जानेवारी २०२५

मृणाल तळाशीलकर यांस,
सप्रेम जय भीम.

खुलाशाबद्दल आभार. चित्र क्र. ३४ शी माझा काही संबंध नाही.

शेवंती हे बाईचे नाव असते. चित्र क्र. ११ मधल्या बाईचे नाव शेवंती आहे. मला हे कसे ठाऊक, ते सांगण्यास मी सध्या मोकळा नाही.

मी तेहेतीस वर्षे गाडीत तक्रार पुस्तक बाळगले. त्यात लोकांनी माझ्याविषयी काय काय लिहिले. एकाने माझ्या मिशीवरही लिहिले. पण मी एक पान फाडले नाही. आपल्याकडे माणसे आपणहून चांगले लिहीत असता आपण खोडता, याचे नवल वाटते.

आणखी एक. चित्राशेजारच्या पाटीवर ‘कष्टकरी स्त्रीचे चिरंतन मौन’ असे छापले आहे. हे साफ चूक आहे. ती बाई गप्प बसणाऱ्यांतली नाही.

आपला,
सुदेश भालेराव


बाळकुम
२७ जानेवारी २०२५

सुदेशकाका,
(काका म्हटलं तर चालेल ना? तुमचं पत्र वाचल्यावर ‘महोदय’ लिहवेना.)

तुमचं पत्र मी आमच्या देवेश सरांना दाखवलं. ते संग्रहालयाचे प्रमुख. पाटीवरचा मजकूर त्यांचाच आहे. ते म्हणाले, अंजर्लेकरांच्या कागदपत्रांत त्या बाईचं नाव कुठेही नाही आणि चेहरा काल्पनिक असावा असं जाणकारांचं मत आहे. नाव द्यायचं तर पुरावा लागेल.

‘ती बाई गप्प बसणाऱ्यांतली नाही’ असं तुम्ही लिहिलंय. ‘नव्हती’ असं नाही. त्या हयात आहेत का? तुमच्या कोण लागतात?

शब्दांखेरीज आम्ही आणखी एक गोष्ट सुरू केलीय. चित्राबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर त्याचा आवाज रेकॉर्ड करतो, जुने फोटो असले तर जोडतो आणि त्याची दोन-तीन मिनिटांची चित्रगोष्ट करतो. पाहणाऱ्याला ती चित्रासमोर उभं राहून किंवा घरी बसून फोनवर ऐकता येते. आतापर्यंत सात झाल्यात. पाच देवेश सरांच्याच आवाजात आहेत.

तुम्ही म्हणाल तेव्हा, म्हणाल तिथे मी येईन.

मृणाल


कोळसेवाडी
४ फेब्रुवारी २०२५

चि. मृणाल हीस,
सप्रेम जय भीम.

काका म्हणण्यास हरकत नाही.

शेवंती तानाजी भालेराव माझी आई. वय ऐंशी. हयात आहे, आणि आत्ता शेजारच्या खोलीतून ‘कुणाला लिहितोस एवढं’ असे विचारते आहे.

झाले असे. डिसेंबरात माझी मुलगी रसिका कॉलेजच्या मुलींबरोबर तुमच्याकडे येऊन गेली. घरी आल्यावर ती फोनवर चित्रे दाखवत होती. आई भाजी निवडत होती. चित्र क्र. ११ आले तशी ती म्हणाली, “ही मी.” आम्ही हसलो. तिने जुडी खाली ठेवली, फोन हातात घेतला आणि म्हणाली, “हसायला काय झालं? स्टूल ओळखू येतंय की मला.”

आम्ही तेव्हा माजिवड्याला राहायचो, म्हणजे मी जन्मायचा होतो. आई नौपाड्यात अंजर्लेकरांकडे धुणीभांडी करायची. त्यांनी तिला अकरा दुपारी बसवून चित्र काढले. साठ वर्षे तिने कोणाला सांगितले नाही. माझ्या वडिलांनाही माहीत नव्हते. ते असते तर त्यांना सहन झाले नसते.

माझी थोरली बहीण नीलाताई डोंबिवलीला असते. तिला मी हे सांगितले. ती म्हणाली, “आई परक्या पुरुषापुढे बसायची, हे विहारात चार बायकांना कळलं तर मी तोंड कुठे दाखवू? तू हे मिटव.” म्हणून मी आपल्याला नाव सांगत नव्हतो. पण मिटवावे असेही वाटेना. एक शब्द कुठेतरी असावा, इतकेच मनात होते.

रविवारी ९ तारखेला ये. आवाज घे. पण आमची संमती कळवल्याशिवाय बाहेर काढायचा नाही. आणि जेवल्याशिवाय आई सोडणार नाही, तेव्हा पोट रिकामे ठेवून ये.

तुझा,
सुदेशकाका


बाळकुम
२४ फेब्रुवारी २०२५

सुदेशकाका,

आधी बातमी. पुरावा मिळाला!

आजी त्या दिवशी रेकॉर्डिंगमध्ये काय म्हणाल्या आठवतंय ना? “स्टुलाचा एक पाय आखूड. सारखं डुगडुगायचं. मग मी माझी चप्पल काढून त्याच्याखाली सारली. नवी कोरी व्हती, लाल पट्ट्याची.” मी विचारलं, दुसरी कुठे होती? तर म्हणाल्या, “दाराबाहेर. एकटीच.”

आता चित्रात त्यांचे अनवाणी पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर आहेत. पाटीवर लिहिलंय, ‘अनवाणी पाय तिच्या अभावाची साक्ष देतात.’ स्टुलाचे पाय मात्र खाली फ्रेमच्या आत गेलेत. मी देवेश सरांच्या आठ दिवस मागे लागले. शेवटी त्यांनी आमच्या काळुरामकाकांना फ्रेम उतरवायला सांगितली. तळाची दोन बोटं पट्टी इतकी वर्षं झाकलेली होती. स्टुलाच्या डावीकडच्या पायाखाली चप्पल. लाल पट्टा. अंजर्लेकरांनी ती रंगवलेली होती आणि फ्रेमवाल्याने झाकली होती.

सर बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, “अभावाचं वाक्य काढावं लागेल.” आणि चहा प्यायला गेले.

मी लगेच चित्रगोष्ट केली. आजींचा आवाज, मग चप्पल, मग तुम्ही दिलेला माजिवड्याचा फोटो. शेवटी त्यांचं ते वाक्य : “बोलू नको म्हणायचा, तोंड हललं की चित्र बिघडतं. मी कुठली गप बसते! म्हणून ओठ त्यानं सगळ्यात शेवटी काढले.” इतकी सुंदर झाली काका, की शुक्रवारी मी ती लावूनच टाकली, आजींच्या नावासकट. तुमचा ‘शेवंती’ हा शब्दही परत लावला. तीन दिवसांत तीन हजार लोकांनी ऐकली. आता चित्राखाली सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द ‘चप्पल’ आहे.

आजींना नमस्कार. त्यांनी दिलेल्या सुक्या बोंबलांची चटणी संपली.

मृणाल


कोळसेवाडी
१ मार्च २०२५

प्रति,
मृणाल तळाशीलकर, डिजिटल विभाग, खाडीकाठ कलासंग्रहालय

विषय : ध्वनिमुद्रण त्वरित काढून टाकणेबाबत.

महोदया,

दि. ४ फेब्रुवारीच्या पत्रात, संमतीशिवाय काही बाहेर काढू नये, असे मी स्पष्ट लिहिले होते. पत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

माझ्या बहिणीला ते डोंबिवलीत शेजारणीने ऐकवले. शेजारीण म्हणाली, “नीलाताई, तुमच्या आईंचा आवाज छान आहे हो.” बहीण त्याच संध्याकाळी इथे आली आणि आईशी एक शब्द न बोलता, मला जे बोलायचे ते बोलून निघून गेली. त्यानंतर तिचा फोन नाही.

आईचा आवाज, छायाचित्र आणि नाव, तिन्ही काढून टाकावे. ‘शेवंती’ हा शब्दही काढावा. तो काढण्याचा आपणास सराव आहे.

हा पत्रव्यवहार येथे संपला असे समजावे.

सुदेश तानाजी भालेराव


बाळकुम
५ मार्च २०२५

काका,

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. तिन्ही गोष्टी काल दुपारीच काढल्या. शब्दही काढला.

तुम्ही लिहिलेलं मी वाचलं होतं. विसरले नव्हते. विचारलं तर नाही म्हणाल, अशी भीती वाटली, म्हणून विचारलं नाही. चूक माझी आहे. सरांना तसं लेखी दिलं आहे.

नीलाताईंना मी पत्र लिहू का, हे विचारायचाही मला हक्क नाही. तुम्ही सांगितलंत तरच लिहीन.

मृणाल


कोळसेवाडी
१७ एप्रिल २०२५

मृणालताई,

मी रसिका. आजी सांगतेय आणि मी लिहितेय. एक अक्षर बदलायचं नाही अशी तिची अट आहे. बाबा बाजार समितीत आंबे आणायला गेलेत.

मृणाल पोरी,

तुला पत्तर लिव्हायचं कारण असं, की काल मी रसिकाला म्हटलं माझं बोलणं लाव, तर ती म्हणती ते काढलं. कुणी काढलं? तर बाबांनी काढायला लावलं. का? तर नीला आत्यासाठी. मी म्हटलं बरं. म्हणजे सुदेशनं ठरवलं, नीलानं ठरवलं, तू ठरवलंस. लावलं तवाबी मला इचारलं नाय, काढलं तवाबी इचारलं नाय. चित्रात कोण बसलं व्हतं?

सुदेश म्हणतो बापाला म्हाईत नव्हतं. तुझ्या बापाला सगळं म्हाईत व्हतं, असं त्याला आज सांगनारे. हे स्वतः तिथं आलते. कंपनी सुटल्यावर. दारात उभं राहून बघितलं आन् म्हणाले, नाक बरोबर नाय आलं. चित्रकाराला राग आलता. पुन्हा हे आले नाय. लपवलं कुणी? आमच्यात ह्या गोष्टीला काय बोलायचं, भांडी घासली ती कुठं पोरांना सांगत बसले? तसंच हे.

नीला चिडली ती माझ्यावर, असं मला वाटतं. तिला आधी सांगायला पायजे व्हतं. तिला सांगायचं एक राहिलंय, ते कागदावर नाय सांगनार.

तर ते परत लाव. पण त्यात मी एक बोलले ते काढ. चित्रकाराच्या बायकोचा चहा पांचट व्हता असं म्हटलं ना, ते. ती बिचारी गेली. रोज न चुकता द्यायची, पांचट असला म्हणून काय झालं.

आन् बघायला यायचंय मला. जिना असेल तर आधी सांग.

शेवंती तानाजी भालेराव

(सही आजीची आहे. तिला एवढंच लिहिता येतं, पण ते फार बेस्ट येतं. – रसिका)


बाळकुम
२२ एप्रिल २०२५

आदरणीय शेवंतीआजी,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी रोज वाचतेय. हे उत्तर रसिकाने वाचून दाखवावं, म्हणून मोठ्या अक्षरात छापलं आहे.

या वेळी एकेक विचारते.

चहाचं वाक्य काढलं. बाकी सगळं जसंच्या तसं आहे. तुम्ही ‘लाव’ म्हटलंत, तरी ही नवी गोष्ट आधी तुम्ही रसिकाच्या फोनवर ऐका आणि मग हो म्हणा. तोवर लावणार नाही.

नवी पाटी देवेश सरांनी लिहिली आहे : ‘विश्रांती. चित्रकार प्रभाकर अंजर्लेकर, १९६४. चित्रासाठी बसलेल्या : शेवंती तानाजी भालेराव, वय १९, माजिवडा.’ मौन वगैरे काढलं. चित्राचं ‘विश्रांती’ हे नाव मात्र चित्रकारांनी दिलेलं असल्यामुळे बदलता येत नाही. पाटीत काही चुकलं असेल, काही नको असेल, तर सांगा. आणखी काही हवं असेल तर तेही सांगा.

जिना आहे, अकरा पायऱ्या. पण मागच्या बाजूने लिफ्ट आहे. कोणत्या दिवशी येता?

तुमची,
मृणाल


कोळसेवाडी
६ मे २०२५

चि. मृणाल हीस,
सप्रेम जय भीम.

पत्रव्यवहार संपला असे मी लिहिले होते. ते मागे घेतो.

रविवारी तू आईबरोबर चहा करायला आत गेलीस, म्हणजे चहा कसा असावा हे दाखवायला आईच तुला घेऊन गेली, त्याआधी दालनात काय झाले ते तू लिफ्टपाशी असल्यामुळे तुला पूर्ण कळले नसेल. म्हणून लिहितो.

नीलाताई येईल असे मला वाटले नव्हते. आईनेच तिला फोन केला आणि “रविवारी दहाला तयार राहा” एवढे सांगून ठेवून दिला. ताई आली, पण गाडीत पुढे बसली आणि संग्रहालयात आमच्यामागे दहा पावले चालत राहिली, जणू स्वतंत्र आलेली आहे. तिकीटही तिने स्वतंत्र मागितले. तिथे तिकीट नाही असे कळल्यावर ती अधिकच चिडली.

चित्रासमोर आई बाकावर बसली. फ्रेम आता मोठी केली आहे, चप्पल दिसते, ते तिला आवडले. मी तिला वडिलांविषयी पुन्हा विचारले. ते खरेच आले होते का? ती म्हणाली, “आले नसते तर नाकाचं मी मनानं रचलं का?” मी त्यांना जन्मभर एक प्रकारचा माणूस समजत आलो. आता थोडा दुरुस्त करावा लागेल. ते सावकाश करीन.

मग ताई पुढे आली. मोठ्याने म्हणाली, “पण बसलीसच का तू? भांडी घासायला गेलेलीस ना? भांडी घासायची आणि यायचं.”

आई म्हणाली, “वाकवत नव्हतं. सहावा महिना व्हता.”

ताई म्हणाली, “कसला सहावा?”

“तुझा. दिवाळी झाली आन् मला खाली बसून भांडी घासता येईना. चित्रकार म्हणाले, काम सोडू नको, स्टुलावर बसशील का? म्हटलं, बसणं जमेल. पदर असा पुढून घ्यायला त्यांच्या बायकोनं सांगितलं, म्हणून दिसत नाय. तू लई लाथा मारायचीस. मी हलले की ते ओरडायचे. मी म्हणायची, मी नाय हलले, ही हलली. म्हणजे तवा म्हाईत नव्हतं ही का हा.”

ताई चित्राजवळ गेली आणि हिरव्या पदरापाशी वाकून पाहू लागली. जमिनीवरची पिवळी पट्टी तिने ओलांडली होती. तुमचे पहारेकरी विश्राम धावत आले. म्हणाले, “मॅडम, पट्टीच्या मागे व्हा. आत जाता येत नाही.”

ताई म्हणाली, “मी आहे त्यात.”

त्यांना अर्थातच काही कळले नाही. त्यांनी तिला दंडाला धरून हळूच मागे आणले आणि “रडू नका, सगळ्यांनाच लांबून बघावं लागतं” असे समजावले. भला माणूस आहे. त्यांच्याविषयी तक्रार नाही, हे नोंदवून ठेवावे.

नंतर आई तुझ्याबरोबर गेली तेव्हा ताई बाकावर बसून फोनवर काहीतरी लिहीत होती. काय लिहिले ते तिने दाखवले नाही. तुझ्याकडे आले असेल. ते काढू नकोस, एवढेच सांगतो. तिच्या परवानगीशिवाय कोणाला दाखवूही नकोस. मलाही नाही.

परतीच्या वाटेवर ताई मागे आईशेजारी बसली. दोघी झोपल्या. डोंबिवलीला तिच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली, तशी ती उतरली, चार पावले गेली आणि परत येऊन माझ्या खिडकीवर टकटक केली. म्हणाली, “त्या मुलीला सांग, पाटीवर माझंही नाव घाल म्हणावं. सहावा महिना होता असं लिहिलं तरी चालेल. पण जन्मसाल नको. सोसायटीत मी अजून पंचावन्नची आहे.”

मी बरे म्हटले. त्याच पाटीवर वरच्या ओळीत १९६४ छापलेले आहे, हे तिला सांगितले नाही.

तुझा,
सुदेशकाका